दीड वार चीट

दीड वार चीट बाजारातून आणावे. रात्री साध्या पाण्यात भिजत घालावे, सकाळी सावलीत वाळवावे आणि इस्तरी फिरवून त्याचे दोन सारखे पाट करावेत. मुलीची कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची २२ इंच असेल, तर नेफ्यासाठी २ इंच आणि खालच्या दुमडीसाठी ३ इंच धरून प्रत्येक पाट २७ इंचांचा होतो. दोन पाटांचे ५४ इंच, म्हणजे बरोबर दीड वार. कापडाचा पन्हा ३६ इंच असला की दोन पाट जोडून ७२ इंचांचा घेर मिळतो. २२ इंच कमरेच्या तिपटीहून तो थोडा अधिकच भरतो. कडा जोडाव्यात, वर नेफा करून नाडी ओवावी, खाली दुमड घालावी, की परकर तयार झाला. यात कोठे गोलाई कापावी लागत नाही, कातरणीत कापड वाया जात नाही, आणि शिंप्याच्या दुकानाची पायरीही चढावी लागत नाही. बेतणाऱ्या हाताने एकच पथ्य सांभाळावयाचे असते: कापडावरची फुले देठावर उभी राहिली पाहिजेत आणि दोन्ही पाटांवर त्यांची तोंडे एकाच दिशेला असली पाहिजेत.

श्रोतेहो, एका दुपारचे हे काम. त्यात इतिहास तो काय असणार, असे कोणी विचारील. परंतु अशाच छापील सुती कापडाच्या अशाच साध्या घेरदार वस्त्रासाठी युरोपातील दोन बलाढ्य राज्यांनी कायदे केले, ते अर्धशतकाहून अधिक काळ चालविले, आणि लंडनच्या रस्त्यांवर स्त्रियांच्या अंगावरील वस्त्रे फाडली गेली. ते कापड आपल्या देशातून गेलेले होते. एवढ्या मोठ्या सत्तांना एवढ्या साध्या वस्त्राची धास्ती का वाटावी, हा आजचा आपला प्रश्न आहे. त्याचे उत्तर परकर शिवण्याच्या कृतीतच दडलेले आहे, म्हणून आपण त्या कृतीच्या क्रमानेच जाऊ.

प्रथम ते भिजत घालणे. घरातील जाणती बाई नवे कापड बेतण्यापूर्वी भिजवते, त्याची कारणे दोन. कापड आटावयाचे असेल तेवढे आधीच आटून घ्यावे, हे एक. आणि रंग जातो की राहतो ते कळावे, हे दुसरे. हे दुसरे कारणच चिटाच्या साऱ्या इतिहासाचे मूळ आहे. लोकर आणि रेशीम हे प्राणिज तंतू रंग सहज धरतात. कापसाचा तंतू तसा नाही. मंजिष्ठेच्या काढ्यात सुती कापड नुसते उकळले, तर चार धुण्यांत त्याची लाली उतरू लागते. कापसाला रंग पक्का धरावयास लावणे ही रसायनविद्येतील मोठी अवघड गोष्ट, आणि ती भारतीय रंगाऱ्याला फार प्राचीन काळी साधलेली होती. मोहेंजोदडो येथे चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. तो मंजिष्ठेच्या जातीच्या रंगाने रंगविलेला होता. इजिप्तमधील जुन्या कैरोच्या, म्हणजे फुस्तातच्या, ढिगाऱ्यांतून गुजरातेत ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे कितीतरी तुकडे निघाले आहेत. मध्ययुगात तांबड्या समुद्राच्या वाटेने तिकडे गेलेले ते कापड शतकानुशतके मातीत पडून राहिले, तरी त्यावरील तांबडा आणि निळा रंग आजही ओळखता येतो.

हे साधत कसे होते? आपला सर्वसाधारण समज असा, की ठसा रंगात बुडवावयाचा आणि कापडावर उमटवावयाचा. अस्सल चिटाची रीत याहून वेगळी होती. कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यात आणि दुधात भिजवून उन्हात वाळवीत. हिरड्यातील तुरट द्रव्य पुढच्या क्रियेस उपयोगी पडे आणि दुधातील स्निग्धतेमुळे रेघ फुटून पसरत नसे. मग लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून केलेल्या काटाने काळ्या रेषा काढीत, आणि जेथे तांबडे हवे तेथे तुरटीचे पाणी लावीत. तुरटीच्या पाण्याला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. कारागिराला आपण काय काढतो आहोत ते दिसावे म्हणून त्यात थोडा उडता रंग मिसळीत. यानंतर ते कापड रंगाच्या मुळ्यांबरोबर उकळले की नवल घडे. जेथे तुरटी होती तेथेच तांबडा रंग धरे, जेथे लोखंड होते तेथे काळा, आणि दोहोंच्या मिश्रणाच्या जागी जांभळट किंवा तपकिरी. उरलेल्या जागेवर चढलेली फिकट लाली शेणाच्या पाण्याने, उन्हाने आणि वारंवारच्या शिंपणाने निघून जाई. निळ्यासाठी बाकीचे कापड मेणाने झाकून नीळीच्या रांजणात बुडवीत. पिवळा रंग सर्वांत शेवटी हाताने भरीत, आणि निळ्यावर पिवळा भरला की हिरवे पान होई. म्हणजे कापडावर काढावयाचा तो रंग नव्हेच. रंगाला धरून ठेवणारे बंधन काढावयाचे. रंग आपली जागा मग आपणच शोधून घेई.

या मुळ्या प्रांतोप्रांती निराळ्या होत्या. पूर्व किनाऱ्यावर जिला तमिळमध्ये सायवेर म्हणतात, म्हणजे रंगाची मुळी, ती वापरीत; आपल्याकडे खानदेश-वऱ्हाडापासून बुंदेलखंडापर्यंत आल लावीत. मच्छलीपट्टणच्या बाजूस लेखणीने काढलेली नाजूक वेलबुट्टी होई, तर अहमदाबाद, सिरोंज, बऱ्हाणपूर, सांगानेर या बाजूंस लाकडी ठशांचे काम चाले. तापीकाठचे बऱ्हाणपूर मराठी मुलखाच्या अगदी उंबरठ्यावरचे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सिरोंजच्या चिटाची तारीफ केली आहे, ती त्याचा रंग धुण्याने अधिकच खुलतो म्हणून. छापणारे ते छिपा आणि शिवणारे ते शिंपी. उत्तरेतील छिपा आणि महाराष्ट्रातील शिंपी हे दोघेही संत नामदेवांना आपले मानतात; पंजाबात तर नामदेवांची ओळख छिपा म्हणूनच आहे. ठसा आणि सुई या दोन हत्यारांचे नाते आपल्या लोकांनी असे एका संताच्या नावाखाली आणून ठेवले आहे.

हे कापड युरोपात गेले, तेव्हा त्याचे नावही त्याच्याबरोबर गेले. आपले चीट किंवा छीट पोर्तुगिजांच्या तोंडी ‘शिता’ झाले, डचांच्या तोंडी ‘सिट्स’ झाले आणि इंग्रजांनी त्याचे ‘चिंट्झ’ केले. पलंगपोशाचे ‘पॅलम्पोर’ झाले, आणि कालिकतच्या बंदरावरून साध्या सुती कापडालाच ‘कॅलिको’ म्हणू लागले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लिश आणि डच कंपन्यांची जहाजे असले कापड लाखो नगांनी नेऊ लागली.

तिकडच्या स्त्रीला त्यात काय सापडले, हे समजून घेण्यासारखे आहे. तोपर्यंत तेथे फुलापानांचे वस्त्र म्हणजे विणलेले रेशीम किंवा भरतकाम. ते सरदार-सावकारांच्या घरी असावयाचे. सामान्य बाईच्या वाट्याला लोकर आणि ताग, बहुधा एकरंगी. लोकर सहज धुता येत नाही आणि रेशीम धुतले तर बिघडते. आता हे सुती कापड आले. ते हलके होते, धुण्यासारखे होते, धुऊन त्याचा रंग जात नव्हता, आणि त्यावर बाग फुललेली होती. सौंदर्य हे विणकराच्या किंवा भरतकाम करणाऱ्याच्या महागड्या श्रमातून वेगळे होऊन कापडावरच तयार मिळू लागले. शिवणाऱ्या हाताला कौशल्य थोडे असले तरी चालणार होते. शोभा कापडाची होती.

आणि शिवावयाचे ते काय? त्या काळच्या युरोपीय स्त्रीचा पेटीकोट म्हणजे आतले वस्त्र नव्हे. अनेकदा तो वरून दिसणारा घागराच असे. सरळ पाट जोडावयाचे, वरची कड चुण्या घालून पट्टीत बसवावयाची आणि ती पट्टी कमरेला बांधावयाची. आपला परकर आणि तो पेटीकोट यांत बेतण्याचा फरक फारसा नाहीच. डच बाजारासाठी तर पूर्व किनाऱ्यावरचे कारागीर खास घागऱ्याचे कापड रंगवून पाठवीत. खालच्या काठाला रुंद वेल आणि वर विखुरलेली फुले, अशी त्याची रचनाच घेराच्या हिशेबाने केलेली असे. असे काही घागरे आज युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत जपलेले आहेत. फ्रिसलंडमधील हिंडेलोपेन या लहानशा बंदरगावच्या पारंपरिक पोशाखात हे भारतीय चीट इतके मुरले, की तो पोशाख त्याच्यावाचून ओळखू येऊ नये.

आता धास्तीचा उगम कोठे आहे ते दिसू लागते. रेशीम विणणारा आणि लोकर विणणारा या दोघांच्याही पोटावर हे कापड आले. फ्रान्सने २६ ऑक्टोबर १६८६ रोजी भारतीय रंगीत सुती कापडाची आयात तर बंद केलीच, पण देशात त्याची नक्कल छापण्यासही मनाई केली आणि छापण्याचे ठसे मोडून टाकण्याचा हुकूम दिला. ही बंदी १७५९ पर्यंत, म्हणजे ७३ वर्षे, टिकली. तीत पुनःपुन्हा नवे हुकूम निघत राहिले. एकच मनाई पुनःपुन्हा करावी लागते, याचा अर्थ ती पाळली जात नाही, हे सांगावयास इतिहासकार लागत नाही.

इंग्लंडने १७०० साली कायदा करून भारत, इराण आणि चीन येथून येणारे छापील कापड वापरण्यास बंदी घातली. कोरे कापड आणून इंग्लंडात छापण्यास मात्र मोकळीक ठेवली. तेव्हा लंडनभोवतीच्या छापखान्यांची भरभराट झाली आणि विणकर अधिकच अडचणीत आले. जून १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील रेशीम विणकर रस्त्यांवर उतरले. छापील कापड अंगावर दिसेल त्या स्त्रीला गाठावयाचे, तिचे वस्त्र फाडावयाचे, त्यावर शाई किंवा तेजाब टाकावयाचे, असे प्रकार घडले. या विणकरांविषयी आपण निष्ठुर होऊ नये. त्यांची मागे रिकामे पडत होती आणि त्यांची मुले उपाशी होती. पण त्यांचा राग ज्यांच्या गोदामांत गठ्ठे होते त्या कंपनीच्या भागीदारांपर्यंत पोचू शकला नाही. तो हाती लागलेल्या वाटसरू बाईवर उतरला. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणारा डॅनियल डीफो यानेही त्या काळात विणकरांच्या बाजूने आपली लेखणी चालविली.

अखेर १७२१ मध्ये पार्लमेंटचा दुसरा कायदा झाला आणि १७२२ च्या नाताळापासून तो अमलात आला. आता कापड कोठे छापले हा प्रश्नच उरला नाही. छापील सुती कापड वापरणे हाच अपराध ठरला. केवळ निळ्या रंगात रंगविलेल्या कापडासारखे थोडे अपवाद ठेवले गेले. वापरणाऱ्यास दंड पाच पौंड, विकणाऱ्यास वीस. लंडनमध्ये घरकाम करणाऱ्या मुलीचा वर्षाचा पगार तेव्हा साधारण पाच पौंडांच्याच घरात असे. आणि वापरणाऱ्याच्या दंडाची ती रक्कम, चुगली करील त्याला मिळावयाची होती. शेजारणीच्या दोरीवर वाळत घातलेल्या घागऱ्यावर नजर ठेवण्याचे हे सरकारी आमिषच होते.

तरीही फुलांचे कापड इंग्लंडातून गेले नाही. चोरटी आयात चालू राहिली. १७३६ च्या कायद्याने ताग आणि कापूस यांच्या मिश्र कापडावर छापण्यास परवानगी द्यावी लागली, आणि १७७४ मध्ये इंग्लंडात कातून, विणून, छापलेले निव्वळ सुती कापड खुले करावे लागले. ते भारतीय नाही हे ओळखता यावे म्हणून त्याच्या काठात तीन निळे धागे विणण्याची अट घातली गेली. लढाईत शत्रूने आपल्या ध्वजाचा धसका घ्यावा, तशी ही गोष्ट आहे. भारतीय कापडापासून आपले कापड वेगळे ओळखता यावे म्हणून इंग्लंडला कायद्याने तीन धागे विणून घ्यावे लागले!

कायदा का हरला? मला वाटते, तो हरला याचे कारण हे वस्त्र घरात शिवले जाणारे होते. राजदरबारच्या पोशाखाला शिंपी लागतात, दुकाने लागतात, आणि त्यांच्यावर पाळत ठेवता येते. पण दोन पाट जोडून चुण्या घालणारी बाई आपल्या खिडकीत बसून कोणती सुई चालवते, यावर पाळत कोण ठेवणार? जुना घागरा फाटला तर त्याचे मुलाचे अंगडे होई, अंगड्याचे ठिगळ होई, ठिगळाची गोधडी होई. कापड एकदा घरात शिरले की ते पिढी-दोन पिढ्या घरातच फिरत राही.

याचा एक पुरावा लंडनमध्ये आहे, आणि तो वाचताना मन हेलावून जाते. निराधार अर्भकांसाठी तेथे १७४१ मध्ये फाउंडलिंग हॉस्पिटल सुरू झाले. बाळ ठेवून जाणाऱ्या आईचे नाव बहुधा नोंदविले जात नसे. पुढे कधी ती परत आली तर बाळ ओळखता यावे, म्हणून त्याच्या अंगावरील कपड्याचा किंवा आईने दिलेल्या कापडाचा एक तुकडा नोंदीच्या कागदाला टाचणीने टोचून ठेवीत. १७४१ ते १७६० या काळातले असे सुमारे पाच हजार तुकडे त्या नोंदवह्यांत टिकून आहेत. सामान्य गरीब स्त्रियांच्या कपड्यांचा एवढा मोठा संग्रह अठराव्या शतकातला दुसरा नाही. त्यांत फुलांचे, कळ्यांचे, पानांचे, ठिपक्यांचे छापील तुकडे ठिकठिकाणी आहेत. कोणी सुती, कोणी तागाचे, कोणी मिश्र. पदरी काहीच न उरलेल्या त्या स्त्रियांजवळ फूल मात्र होते. १७६७ मध्ये एका आईने आपल्या मुलासोबत कापडाचे तुकडे जोडून केलेली एक पट्टी ठेवली. तिच्यावर लाल दोऱ्याने हृदयाची आकृती भरलेली होती. ती पट्टी मधोमध कापलेली होती. अर्धी कागदाला, अर्धी आईजवळ. आठ वर्षांनी, १७७५ मध्ये, ती आई परत आली आणि आपल्या मुलाला घेऊन गेली. ठेवलेल्या मुलांपैकी फार थोडी अशी परत गेली. तिच्या बाबतीत कापडाच्या त्या तुकड्याने आपले काम केले.

हे सारे घडत असता आपल्याकडच्या कारागिराचे काय होत होते? त्याच्या विद्येची चौकशी चाललेली होती. १७३४ च्या सुमारास बोल्यू नावाच्या एका फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याने पुदुच्चेरी येथे चीट रंगविण्याची प्रत्येक पायरी टिपून घेतली आणि प्रत्येक पायरीवरील कापडाचा नमुनाही सोबत जोडला. १७४२ मध्ये केर्दू या जेझुइट धर्मोपदेशकाने, ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून ऐकून, ती सारी कृती पत्राने युरोपात कळविली. ही पत्रे छापली गेली आणि वाचली गेली. बंदी उठताच १७६० मध्ये ओबेरकाम्फ याने व्हर्सायजवळच्या झुई गावी आपला प्रसिद्ध कारखाना काढला. १७८३ मध्ये थॉमस बेल याने कोरीव रुळांनी कापड छापण्याचे यंत्र इंग्लंडमध्ये पेटंट केले. ठसा मारणारा हात दिवसभरात जेवढे छापी, तेवढे रुळ अल्पावधीत छापू लागला. कायद्याला जे जमले नव्हते ते किमतीला जमले.

एकोणिसाव्या शतकात उलटा प्रवाह सुरू झाला. मँचेस्टरचे छापील कापड मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटसारख्या बाजारांतून देशभर जाऊ लागले. स्कॉटलंडमधील लेव्हन खोऱ्यातले कारखाने लालभडक कापडावर मोर, वेल आणि कैऱ्या छापून आपल्याकडे पाठवीत. आपल्याच नक्षीची पुस्तके त्यांच्या टेबलावर होती. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. पुढे काही दशकांतच आलीची लागवड मोडली. ज्या रंगाने फुस्तातच्या मातीतही टिकाव धरला होता, त्याचा कर्ता मात्र आपल्याच बाजारात टिकू शकला नाही. ठसे माळ्यावर गेले आणि कित्येक रंगारी शेतमजूर झाले. आपल्या आज्यांच्या गाठोड्यांतले चीट बहुधा हे विलायती चीट होते, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तेही त्यांनी हौसेने शिवले आणि प्रेमाने वापरले.

म्हणूनच स्वदेशीच्या चळवळीत कपड्याला इतके मोल आले. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची मोठी होळी पेटविली गेली. रवींद्रनाथ ठाकुरांना ही होळी पटली नाही, आणि त्यांनी तसे उघडपणे लिहिले. उघड्या माणसांच्या देशात कापड जाळणे त्यांच्या मनाला बोचत होते. या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण १७१९ चे लंडन आणि १९२१ चे परळ ही दोन चित्रे शेजारी ठेवली तर एक भेद नजरेत भरतो. तेथे बाईच्या अंगावरचे वस्त्र दुसऱ्याने फाडले. येथे पुष्कळ स्त्रियांनी ते आपल्या हाताने आणून दिले. त्यांच्यावर भोवतालच्या लोकमताचे दडपण नव्हते, असे म्हणता येणार नाही. तरीही आवडते कापड सोडून देण्याचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा, एवढे तेथे मान्य होते.

याच काळात आपल्याकडे शिवण्याच्या कृतीलाही नवे बळ आले. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांतून शिवणकाम शिकविले जाऊ लागले, आणि विधवा, परित्यक्ता व अल्पशिक्षित स्त्रियांना त्यातून चार पैसे मिळू लागले. घराघरांत आधी सिंगरचे आणि पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगचे उषा यंत्र आले. हाताने धावदोरा घालीत चार वेळा उजेडाकडे पाहणारी बाई आता तासाभरात परकर उरकू लागली. एकाचे दोन झाले, शेजारच्या मुलीचा तिसरा झाला, आणि तिसऱ्याची शिलाई मिळाली. दीड वार चिटातून एका घराचा स्वाभिमान उभा राहिल्याची उदाहरणे आपणांपैकी बहुतेकांच्या नात्यागोत्यात सापडतील.

आणि ठसेही माळ्यावरून खाली उतरले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ स्थापन झाले. कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्षा झाल्या आणि बुडत चाललेल्या अनेक कारागिऱ्यांना त्यांनी हात दिला. श्रीकालहस्ती येथे कलमकारीचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. सांगानेर, बगरू आणि मच्छलीपट्टण येथे छपाईचे काम आजही चालते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील धमडका गाव उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील अजरख छापणाऱ्या खत्री कुटुंबांपैकी कित्येकांनी भुजजवळ अजरखपूर नावाचे नवे गाव वसविले. आपल्या छपाईचे नाव त्यांनी गावाला दिले. हिरडा, तुरटी, लोखंडाचा काट आणि नीळ यांचे ज्ञान तेथे आजही बापाकडून मुलाकडे जाते.

चिटाने किती दूरचा प्रवास केला ते पाहावयाचे असेल, तर जून महिन्यात ब्राझीलमध्ये पाहावे. तेथे संत योहानाच्या सणाला गावोगाव नाच होतात आणि मुली मोठमोठ्या फुलांच्या, भडक रंगांच्या घेरदार घागऱ्यांत नाचतात. त्या स्वस्त सुती कापडाला तेथे ‘शिता’ म्हणतात. पोर्तुगिजांच्या जहाजांतून गेलेला आपलाच शब्द तो. नाचणाऱ्या मुलीला मच्छलीपट्टण ठाऊक नसेल आणि बऱ्हाणपूरही ठाऊक नसेल. पण तिच्या आईने ते कापड आधी भिजविले असेल, सरळ पाट केले असतील, चुण्या घातल्या असतील, आणि फुले देठावर उभी आहेत ना, हे पाहून घेतले असेल.

आता आपल्या परकराकडे परत येऊ. त्याच्या खालच्या दुमडीसाठी आपण ३ इंच कापड धरले होते. कड बंद करण्यासाठी खरे तर एका इंचात भागते. उरलेले २ इंच शहाणी आई आत दुमडून ठेवते, कारण मुलगी वाढणार असते. पुढल्या वर्षी ती दुमड उसवली की परकर पुन्हा घोट्यापर्यंत येतो. तेव्हा त्या उसवलेल्या पट्टीवर नजर टाकावी. इतके दिवस आत राहिलेली फुले आणि ऊन-पाणी सोसलेली बाहेरची फुले यांच्या रंगात फरक पडला आहे का, हे तेथे लगेच कळते. फरक नसेल, तर ज्या रंगाऱ्याच्या विद्येवर ते कापड उभे आहे, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसले तरी, त्याची आठवण करण्याची जागा तीच आहे.